हेडरात न मावलेलं गाव

आता सगळं मार्गी लागलंय म्हणून हसत सांगते आहे. मधल्या दिवसांत कुणी माझ्यासमोर ‘ब्लॉग’ हा शब्द काढला असता, तर हातातली कात्री मी त्याच्या अंगावर टाकली असती. कात्री माझ्या हातात कायमच असते. भोरच्या बाजारात एका बोळाच्या तोंडाशी माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथंच मशीनशेजारी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्यावर माझ्या माहेरच्या गावाबद्दल लिहीत असते.

माझं माहेर वेल्ह्याच्या बाजूचं. अंगणात उभं राहिलं की समोर राजगड. ते गाव धरणात गेलं. कुणाला खाली दुसऱ्या तालुक्यात जमिनी मिळाल्या, कुणी पुण्याला गेलं, कुणी माझ्यासारखं भोरला येऊन राहिलं. गाव असं विखुरलं की लग्नाकार्यालाही पुरतं एकत्र येईना. अशाच एका लग्नात आमच्या भावकीतली एक पोरगी मला म्हणाली, “आत्या, आपलं गाव नक्की कुठं हुतं?” मला राग आला. राग मला पटकन येतो, त्याला काही औषध नाही. पण त्या पोरीवर रागावून काय करणार? तिला दाखवायला माझ्याकडं होतं काय? पाणी? घरी आले आणि त्या रागातच ब्लॉग सुरू केला.

माझ्या एकटीच्या आठवणी वर्षभरात संपल्या असत्या. ब्लॉग चालला तो मावशीमुळं. मावशी म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. मैत्रीण आणि मी शाळेत एका बस्करावर बसलो. तिचं घर ओढ्याकाठी बौद्धवस्तीत, माझं मधल्या आळीत. पुढं ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली, रिटायर झाली, आणि आता उत्रोलीला घर बांधून आईला घेऊन राहते. मावशीनं गावातल्या झाडून सगळ्या खाचरांत भाताची लावणी केलेली. त्यामुळं कुठल्या खाचराला काय म्हणायचे, कुठल्या बांधाला गोड पाण्याचा झरा होता, हे तिला अजून पाठ आहे. दर रविवारी सकाळी मैत्रीण तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायची. सुरुवात ठरलेली: “लिव गं पोरी.” मग मी ऐकायचे, थांबवायचे, टाइप करायचे. दुपारपर्यंत ते ब्लॉगवर चढायचं आणि संध्याकाळपर्यंत कुठून कुठून लोक लिहायचे, आमच्या खाचराचं नाव आम्हालाच ठाऊक नव्हतं, मावशींना नमस्कार सांगा.

एवढं सगळं झालं, पण ब्लॉगच्या डोक्यावर काय होतं? टेम्प्लेटबरोबर फुकट आलेलं चित्र. एक लाकडी टेबल, त्यावर कॉफीचा कप, कुणाचा तरी चष्मा, आणि मागं बर्फाचे डोंगर. त्याच्यावर माझ्या गावाचं नाव. एकानं खाली लिहिलंच, “ताई, आपल्या गावात बर्फ कधी पडला?” मी दुर्लक्ष केलं. मग दुसऱ्यानं तेच विचारलं. ब्लाउजला गळा आणि ब्लॉगला हेडर, लोक पहिल्यांदा तिथंच बघतात. गळा बिघडला की खाली कितीही चांगली शिलाई असू दे, बाई आरशासमोरून नाक मुरडूनच जाते. मी ठरवलं, हे हेडर बदलायचं.

बदलायचं तर गावाचा फोटो हवा. तसा फोटो सगळ्या गावात मिळून एकच उरला होता, आणि तो मावशीच्या ट्रंकेत होता. गाव उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी भोरहून एक फोटोग्राफर बोलावला होता. तो समोरच्या टेकाडावर चढला, पण त्याच्या कॅमेऱ्यात गाव एका दमात मावेना. म्हणून त्यानं डावीकडून उजवीकडं सरकत तीन फोटो काढले आणि एका पुठ्ठ्यावर एकाशेजारी एक चिकटवून दिले. इतरांचे फोटो घरं बदलताना गेले, भिजले, वाळवीनं खाल्ले. मावशीनं तिचा जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. मी मागितला तेव्हा तिनं तो मांडीवर घेऊन पदरानं पुसला.

“न्हे,” मावशी म्हणाली, “पर परत आण. आन् वर लाव, अगदी वर. समद्यांला दिसंल आसा.”

“मावशी, तुमी बघाच,” मी म्हणाले. “पान उघडलं की आधी गावच दिसंल.”

असं बोलायला काय जातं? बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी फोटो स्कॅन करून आणला आणि बसले. टेम्प्लेट म्हणजे आमच्या भाषेत पेपर कटिंग. बेतलेला कागद मिळतो, त्यावर आपलं कापड ठेवायचं. पण दुसऱ्यानं बेतलेल्या कागदावर आपलं कापड किती आखूड पडेल, हे आधी कळत नाही. व्हिडिओतला एक हिंदी बोलणारा पोरगा दर वाक्याला ‘बहुत आसान है’ म्हणत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणं थीममध्ये जा, तिथून हेडरमध्ये जा, जुनं चित्र काढा, नवं चढवा. काढलं, चढवलं. गावाचं नाव गायब! बराच वेळ शोधल्यावर कळलं की नाव जागेवरच आहे, पण अक्षरं पांढरी आणि फोटोतलं आभाळही पांढरं. अक्षरांना लाल रंग दिला तर नाव देवळाच्या कळसावर जाऊन बसलं. तिथून उचलून खाली आणलं, तर वरच्या पट्टीची उंची वाढली आणि कॉफीचा कप, जो मी स्वतःच्या हातानं काढून टाकला होता, तो मागून परत डोकावला. मी त्या कपाला मोठ्यानं शिव्या दिल्या. दुकानात माप द्यायला आलेली बाई दचकून म्हणाली, “मी नंतर येऊ का?”

शेवटी जमलं. ‘जतन करा’वर बोट ठेवलं, पान नव्यानं उघडलं, आणि कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत माझं गाव पसरलं. डावीकडं ओढा, ओढ्याकाठची वस्ती, विहारावरचा पंचशील झेंडा. मध्ये देऊळ, चावडी, शाळा, आमची आळी. उजवीकडं खळी आणि म्हशींचे गोठे. मला रडू आलं. शिवायला घेतलेल्या कुणाच्या तरी अस्तरालाच डोळे पुसले.

गावकऱ्यांच्या ग्रुपवर मी लिंक टाकली आणि दिवसभर फोन वाजत राहिला. लई भारी. एकच नंबर. आमचं घर दिसलं. देऊळ बघून अंगावर काटा आला. मी हवेत होते.

रविवार आला. मावशीचं रेकॉर्डिंग आलं नाही. म्हटलं, असेल काही काम. पुढच्या रविवारीही आलं नाही. मी फोन लावला तर मैत्रीण म्हणाली, “आईला बरं न्हाई,” आणि पुढं काही बोललीच नाही. मागून मावशीचा आवाज येत होता. कुणाच्या तरी कोंबड्यांना ती असा दम देत होती की आजारी माणसाला तो झेपला नसता.

मग माझा पारा चढला. गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन, मशीन बंद ठेवून हेडर केलं आणि मैत्रीण असून हिच्या तोंडून एक चांगला शब्द निघू नये? आख्खं गाव कौतुक करतंय आणि जिच्या घरचा फोटो तीच गप्प? मनातल्या मनात मी तिच्याशी दोन दिवस भांडले. राग ओसरला तेव्हा खाली भीती होती. मावशीचं वय झालंय. ती बोलायची थांबली, तर निम्म्याहून जास्त गाव परत पाण्यात जाणार होतं. आणि मैत्रीण? इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी कोरडी कधी बोलली नव्हती. फोटो परत करायचं निमित्त काढलं, पुठ्ठा पिशवीत घातला आणि उत्रोलीला गेले.

भाताची कापणी होऊन गेली होती. वावरात वालाचे, हरभऱ्याचे कोंब वर आले होते. मैत्रीण अंगणातच होती. मला बघून उठली आणि म्हणाली, “या. बसा.”

या! बसा! पहिलीत असल्यापासून जी मला ‘ए बये’ म्हणत आली, ती मला ‘या बसा’ म्हणाली. त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बसले. तिनं पाणी आणलं, चहा आणला, सगळं रीतसर. मावशी भिंतीला टेकून शेंगा सोलत होती, मान वर करेना.

“माझं काही चुकलं का?” मी शेवटी विचारलं.

मैत्रिणीनं फोन काढला, ब्लॉग उघडला आणि माझ्या हातात दिला. मी बघितलं. उभ्या पडद्यावर देऊळ, चावडी, शाळा, आमच्या आळीतलं आमचं घरसुद्धा. डावीकडं देवळाची भिंत संपली की फोटोच संपत होता. ओढा नव्हता. वस्ती नव्हती. झेंडा नव्हता.

“अगं, आहे की!” मी म्हणाले. “कॉम्प्युटरवर सगळं आहे. मी स्वतः बघितलंय.”

“मग लोकांनी कंप्युटर डोक्यावर घिऊन फिरायचं काय?” ती म्हणाली. “समदं गाव फोनवरच बघतंय. आमी बी.”

ते खरं होतं. मी लिहिणार कॉम्प्युटरवर, बघणार कॉम्प्युटरवर. माझ्या फोनची काच तडकलेली, त्यावर मी बोलते, ऐकते, फार तर ग्रुपवरचं वाचते. ब्लॉग त्यावर उघडून बघावा हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“तू कापलं न्हाईस, मशिननं कापलं आसंल,” मैत्रीण म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त लागत होतं. “पर येवढ्या लोकांनी लई भारी, लई भारी लिवलं. वस्ती कुठं हाय, म्हून एकानं तरी इचारलं का? फोटो कुणाच्या घरातनं आला, ह्ये तर समद्यांलाच ठावं हाय.”

एकानंही विचारलं नव्हतं. ती कौतुकं मी दोन दोनदा वाचली होती आणि मलाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

मावशी तेव्हा पहिल्यांदा बोलली. हात शेंगांवरच होते.

“धरणानं समद्यांला सारकं बुडिवलं, पोरी. तुज्या फोटूनं निस्तं आमाला.”

मी तिथून उठले कशी आणि भोरला आले कशी, ते मला सांगता येणार नाही. दुकानाचं कुलूप काढताना लक्षात आलं की फोटोचा पुठ्ठा पिशवीत तसाच आहे. द्यायचा राहिला होता. त्यांनीही मागितला नव्हता. एवढ्या एका गोष्टीचा मला आधार वाटला.

कॉम्प्युटर लावला आणि ब्लॉगची खिडकी एका बाजूनं धरून हळूहळू अरुंद करत गेले. चित्र दोन्हीकडून आत यायला लागलं. उजवीकडून खळी गेली, गोठे गेले. तिथं तसंही कुणी राहत नव्हतं. डावीकडून आधी ओढा गेला, मग मावशीचं दार, मग झेंडा. फोनएवढी खिडकी झाली तेव्हा उरलं ते मधलं गाव. टेम्प्लेटला एवढंच येत होतं. जागा कमी पडली की मधलं ठेवायचं आणि कडेचं कापायचं. टेम्प्लेटला बिचाऱ्याला आमच्या गावाचं काय माहीत? पण मला माहीत होतं. आमच्या गावात कडेला कोण राहतं आणि मध्ये कोण, हे माहीत असलेली मी बाई, आणि मी न बघताच ‘जतन करा’ केलं होतं.

मग सुरू झालं बेतणं. फोटो डावीकडं सरकवला तर ओढा आला, पण देऊळ निम्मं कापलं. आता आमच्या आळीतून बोंब होणार. सगळाच फोटो आत बसवला तर तो परकराच्या नाडीएवढा बारीक झाला. घर कुठलं आणि गोठा कुठला, ओळखू येईना. नाव काढून टाकलं, पट्टी उंच केली, काही उपयोग नाही. आडवं कापड, उभा बेत. कसं बसणार?

डोकं धरून मी खरा फोटो पिशवीतून काढला. मावशीचं लुगडं सोडवलं. उजेडात धरला तर मधले सांधे दिसले. एक वस्ती आणि देवळाच्या मध्ये, एक शाळेजवळ. त्या फोटोग्राफरलाही गाव एका चौकटीत मावलं नव्हतंच की! त्यानं कुणाला कापलं नाही, जोड दिला. कापड अपुरं पडलं की आम्ही दुसरं काय करतो? फोनवर आडवी जागा नाही, पण खाली हवी तेवढी जागा आहे. तिन्ही फोटो एकाखाली एक लावायचे.

वर कुठला, हे मला ठरवावंच लागलं नाही. एसटी ओढ्यापलीकडं थांबायची. उतरलं की ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत यायचं, आणि अलीकडं पहिलं घर मावशीचं. संध्याकाळच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी ती दारात कंदील ठेवायची, दगड दिसावेत म्हणून. “कोन गं? कुनाची?” तिनं विचारल्याशिवाय गावात कुणी शिरलेलं मला आठवत नाही. मग देऊळ, चावडी, शाळा, आळी, आणि शेवटी खळी. फोनवर बोटानं वर सरकवत गेलं की आपण एसटीतून उतरून चालत घरी गेल्यासारखंच होणार होतं.

सुचणं वेगळं आणि टेम्प्लेटला ते पटणं वेगळं. फोन असेल तर ही चित्रं, कॉम्प्युटर असेल तर ते चित्र, असं सांगणाऱ्या चार ओळी हेडरच्या कोडमध्ये घालाव्या लागतात. मी नेटवर एका ठिकाणाहून त्या उचलल्या, घातल्या, जतन केलं, आणि पान पांढरंफटक. हेडर नाही, नाव नाही, काही नाही. सगळं गेलं, मावशीचं सगळं बोलणं गेलं, असंच वाटलं. पण मी शिवणारी बाई आहे. मूळ कागदाची नक्कल काढल्याशिवाय कात्री लावत नाही. जुनं टेम्प्लेट आधीच उतरवून ठेवलं होतं, ते परत चढवलं आणि सगळं जागच्या जागी आलं. लिहिलेला मजकूर कुठंच गेला नव्हता. टेम्प्लेट नुसतं वरचं कापड, आतलं माणूस तसंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी देवाला नमस्कार केला, चहा प्यायले, आणि चूक शोधली. शेवटचा एक कंस मी उचलायचाच विसरले होते.

कंस घातला. जमलं.

आता मात्र कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते. दुकानात येईल त्या बाईला सांगायला लागले, “माप नंतर. आधी फोन काढा आणि हे उघडा.” मोठे फोन, छोटे फोन, काच फुटलेले फोन, सगळ्यांवर बघितलं. सगळ्यांवर आधी ओढा येत होता. एक बाई म्हणाली, “अहो, माझ्या ब्लाउजचं काय?” मी म्हणाले, “होईल हो ते.” माझ्या सांगण्याची त्यांना इतकी सवय आहे की कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

मैत्रिणीला मी लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं: “फोनवर बघ.” माफी, खुलासा, काही लिहिलं नाही. लिहून खोडत बसले होते, पण प्रत्येक वाक्यात मी स्वतःलाच सावरून घेत होते, म्हणून सोडून दिलं. तिनं ते वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी मी दुकान उघडून बसले. एरवी रविवारी उशिरा उघडते. एक बाही लावली, बघितलं तर डावी बाही उजवीकडं. उसवली. परत लावली. परत तीच चूक. मशीनवरून हात काढून नुसती फोनकडं बघत बसले.

फोन वाजला. रेकॉर्डिंग होतं. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं, मग ते लागलं. आधी मैत्रिणीचा आवाज आला.

“आई बोलतीय, नीट ऐक. आन् ए बये, आमचा फोटो हाय तुज्याकडं. आणून दे. जेवायलाच ये, तांदळाच्या भाकरी करती.”

माझा जीव भांड्यात पडला. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडले. ते आवरेपर्यंत मावशीचं सुरू झालं होतं, म्हणून पुन्हा मागं नेऊन लावलं. आधी खोकला, मग भांड्याचा आवाज, मग ती.

“लिव गं पोरी. एष्टीतनं उतरलं का वढा. वढ्याकाठी पयलं घर आमचं. तितनं गाव सुरू व्हायचं.”